सिंहगडाचा सराव सहा हजार मीटरला पुरेल का?

प्रश्न : आम्ही चार मित्र येत्या ऑगस्टमध्ये लडाखमधील कांग यात्से-२ हे शिखर चढण्याच्या विचारात आहोत. दर रविवारी आम्ही सिंहगड चढतो आणि आमच्यापैकी एकजण अर्धमॅरेथॉन धावतो. रजा मोजकी असल्याने विमानाने लेहला उतरून दुसऱ्याच दिवशी चालायला लागावे, असे ठरते आहे. एवढी तयारी पुरेशी आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपला रविवारचा नेम चांगला आहे, तो मोडू नका, मात्र लेहचा बेत आधी बदला. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि पुण्याहून काही तासांत तिथे पोहोचलेल्या शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो. तिथे किमान दोन पूर्ण दिवस विश्रांती घ्यावी. पुढे ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा जाणकारांनी मान्य केलेला नियम आहे. म्हणूनच कोंगमारू ला ही खिंड ओलांडून थेट शिखराजवळच्या निमालिंग या मुक्कामाला नेणाऱ्या जवळच्या वाटेपेक्षा मारखा खोऱ्यातून हळूहळू चढणारी लांबची वाट निवडावी, मग त्यासाठी आणखी रजा काढावी लागली तरी चालेल.

शिखर सुमारे ६,२५० मीटर उंच आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो. उत्तम धावणाऱ्याला विरळ हवेचा त्रास होत नाही, असे मुळीच नाही. उलट दम टिकतो म्हणून तो भराभर चढतो आणि कधीकधी सर्वांत आधी तोच आजारी पडतो. शिखराच्या दिवशी मध्यरात्री निघून हजार मीटरहून अधिक चढावे लागते, म्हणून आतकरवाडीकडून सिंहगड पाठीवर ओझे घेऊन एकाच सकाळी दोनदा चढण्याचा सराव करा. बुटांना क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे लोखंडी काटे) बांधून चालणे, आइस अ‍ॅक्सने, म्हणजे बर्फाच्या कुऱ्हाडीने, घसरण थांबवणे आणि दोराने एकमेकांना बांधून चढणे या गोष्टी सह्याद्रीत शिकता येत नाहीत. उत्तरकाशी किंवा मनालीच्या पर्वतारोहण संस्थेतील प्राथमिक अभ्यासक्रम त्यासाठी उत्तम.

मैत्रीमुळे एक वेगळाच धोका उद्भवतो, तो असा की आपल्यामुळे इतरांची मोहीम बुडू नये म्हणून माणूस डोकेदुखी लपवतो. यासाठी पुण्यातच चौघांनी बसून ठरवावे की रोज सकाळी प्रत्येकाने डोके, भूक, झोप आणि मळमळ यांविषयी खरे सांगायचे, डोकेदुखीसोबत मळमळ किंवा कमालीचा थकवा असेल तर त्या दिवशी वर जायचे नाही, आणि खाली जाणाऱ्याला एकटे सोडायचे नाही. परत फिरण्याची वेळही आधीच ठरवा आणि वाटाड्याचा शब्द अखेरचा माना. एखाद्याची चाल अडखळू लागली, तर त्याला टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालायला सांगावे. तोल गेला, तर मेंदूला सूज आल्याची शंका धरून, रात्र असली तरी, त्याला ताबडतोब खाली उतरवावे. बसल्या जागी धाप लागत असेल, तेव्हाही हेच करावे.

विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी अनेकजण घेतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास त्यांना तसे आधी सांगावे.