गणपतीला यावं की नवरात्रात?

प्रश्न : ताई, आम्ही मूळचे बडोद्याच्या दांडियाबाजारातले. 2003 पासून ह्यूस्टनला आहोत, आता कायमचं परत यायचं ठरवलंय. माझा पासपोर्ट भारताचाच आहे आणि ग्रीन कार्ड आहे. बायको अमेरिकन नागरिक, तिच्याकडे ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड. मुलगी चौदा वर्षांची, आठवीत. यंदा चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, त्याच्या चार दिवस आधी पोचायचं माझ्या मनात आहे. मेहुणे म्हणतात, ऑक्टोबरच्या आधी पाऊल ठेवू नका, टॅक्समध्ये बुडाल. दर हिवाळ्यात आम्ही तीन आठवडे येतो. मागच्या वर्षी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दोन महिने होतो. ह्यूस्टनचं घर अजून विकायचंय. आल्याबरोबर समा किंवा कारेलीबागेत बंगला घ्यावा असा विचार आहे. — ह. प.

उत्तर : मेहुण्यांनी हिशोब अर्धाच केलाय. आयकराचं वर्ष एप्रिल ते मार्च. त्यात 182 दिवस इथे काढलेत की तुम्ही रहिवासी. 1 ऑक्टोबर ते 31 मार्च बरोबर 182 दिवस भरतात, म्हणून 2 ऑक्टोबरला किंवा नंतर उतरणारा त्या वर्षापुरता अनिवासीच राहतो. (60 दिवसांचाही एक नियम आहे, पण तो आधीच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस इथे राहिलेल्यांना लागतो. तुमचे तेवढे होत नाहीत.) मेहुणे इथे थांबले.

रहिवासी झालात म्हणून ह्यूस्टनच्या पैशावर लगेच इथे कर बसत नाही. मध्ये एक पायरी आहे : रहिवासी, पण सामान्य रहिवासी नाही. मी बँकेत परकीय चलनाच्या काउंटरवर होते, तिथे सगळे त्याला आरएनओआर म्हणायचे. या काळात परदेशातलं व्याज, भाडं, घर विकून झालेला नफा, यावर इथे कर नाही. मात्र ह्यूस्टनच्या कंपनीचं काम बडोद्यात बसून केलंत, तर तो पगार इथलाच धरला जातो. हे विसरणारे पुष्कळ असतात.

ही पायरी मिळायला दोनपैकी एक अट पुरते. आधीच्या 10 वर्षांपैकी 9 वर्षं तुम्ही अनिवासी असलं पाहिजे, किंवा आधीच्या 7 वर्षांत मिळून भारतात 729 किंवा त्याहून कमी दिवस काढलेले असले पाहिजेत. 1 एप्रिल 2026 पासून आयकराचा कायदा नवा आहे, पण या अटी त्यातही आहेत. पहिल्या अटीवर तुम्हाला रहिवासी झाल्यापासूनची दोन वर्षं निर्धास्त मिळतात. तिसरं वर्ष मिळेल की नाही, ते 729 वर ठरेल.

आता कागद-पेन घ्या. ऑक्टोबरमध्ये आलात तर 2026-27 ला अनिवासी आणि पुढची दोन वर्षं आरएनओआर, म्हणजे मार्च 2029 पर्यंत. 10 सप्टेंबरला आलात तर मार्चअखेर 203 दिवस होतील, पुढच्या वर्षाचे 366 (फेब्रुवारी 2028 एकोणतीसचा आहे), बेरीज 569. आता एप्रिल 2021 पासूनच्या सुट्ट्या मिळवा : चार हिवाळ्यांचे तीन-तीन आठवडे आणि आईच्या वेळचे दोन महिने, साधारण 145. एकूण 714. म्हणजे तुम्ही 729 च्या आत आहात आणि तिसरं वर्षही मिळतं, मार्च 2029 पर्यंत. गणपतीला या नाहीतर नवरात्रात, शेवट एकाच दिवशी! फक्त हा माझा हिशोब तुमच्या अंदाजी आकड्यांवर आहे. पासपोर्टवरचे शिक्के बघून दिवस मोजा, उतरल्याचा आणि निघाल्याचा दोन्ही धरून. मध्येच घर बघायला म्हणून तीन आठवडे येऊन गेलात तर सप्टेंबरचं गणित कोसळेल.

इतकं सगळं लिहून मी सांगणार आहे की सप्टेंबरही नको आणि ऑक्टोबरही नको. जूनमध्ये या.

कारण तुमच्या पत्रात मुलीच्या वाट्याला चार शब्द आलेत आणि तारीख तिथेच ठरते. तुमच्याकडे आठवी मे महिन्याच्या शेवटी संपते. आपल्याकडे सीबीएसईची शाळा एप्रिलमध्ये सुरू होते, गुजरात बोर्डाची जूनमध्ये. सीबीएसईत दहावीच्या परीक्षेसाठी बोर्डाकडे नोंदणी नववीतच होते, आणि थेट दहावीत प्रवेश द्यायला शाळा नाखूश असतात. सप्टेंबरमध्ये आलात तर अर्धं वर्ष उलटलेलं असेल. चौदा वर्षांची मुलगी नव्या गावात, अर्ध्यावर आलेल्या वर्गात, कुणाशी ओळख नाही, आणि बाप ढोल-ताशात रमलेला. हे मला तरी बघवणार नाही. जूनमध्ये निदान गॅदरिंगच्या आधी चार मैत्रिणी होतील. गुजरातीची काळजी नको. शाळांमध्ये पहिली ते आठवी गुजराती सक्तीचं आहे, ती नववीत जाईल. रिक्षावाल्याशी बोलण्यापुरतं आजी शिकवेल.

जूनला आल्यावर कराचं काय? 10 जूनपासून मार्चअखेर 295 दिवस, पुढचे 366, अधिक 145. झाले 806, म्हणजे 77 जास्त. पण ह्यूस्टनचं घर विकायला तुम्हाला तसंही जावं लागणार आहे. दसरा झाला की तीन महिने जा, घर विका, गाडी विका, बँका आवरा. ते दिवस वजा झाले की परत 729 च्या आत याल आणि घराचा नफाही आरएनओआरच्या काळातच पडेल. बायकोचा हिशोब वेगळा मांडायचा. तिचे दिवस तिचे. आणि समजा तुमचं जाणं झालंच नाही, तर तिसरं वर्ष हातचं जाईल. जाऊ दे. मुलीचं वर्ष घ्या.

बँकेचं थोडक्यात. कायमचं राहायला आलात की एनआरई खातं, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं, तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते रहिवासी खातं करायचं, किंवा पैसे आरएफसी, म्हणजे रहिवाशांच्या परकीय चलनाच्या, खात्यात डॉलरमध्येच ठेवायचे. “राहू दे ना मॅडम, कोणाला कळतंय,” असं मला काउंटरच्या पलीकडून बऱ्याच जणांनी ऐकवलंय. परतल्या दिवसापासून त्या खात्याचं व्याज करपात्र आहे आणि बँकांची माहिती आयकर खात्याकडे जाते, तेव्हा कळतं. त्यापेक्षा येण्याआधी एफसीएनआर ठेव करा, म्हणजे अनिवासींची परकीय चलनातली मुदत ठेव. ती ठरलेल्या दराने मुदतीपर्यंत चालू ठेवता येते आणि आरएनओआर असेपर्यंत तिच्या व्याजावर इथे कर नाही. ग्रीन कार्ड रागाच्या भरात परत करू नका आणि आळसापायी ठेवूही नका. ते आहे तोवर अमेरिका तुमच्या जगभरच्या उत्पन्नावर विवरण मागते. पंधरापैकी आठ वर्षं ते बाळगलेल्या माणसाला ते सोडतानाचे वेगळे नियम आहेत आणि मालमत्ता 20 लाख डॉलरच्या वर असेल तर ते चांगलेच बोचतात. तिकडच्या सल्लागाराची फी इथे वाचवू नका.

आरोग्य विमा मात्र आजच बघा, विमानात बसायची वाट न बघता. आधीपासूनच्या आजारांसाठी कंपनी 36 महिन्यांपर्यंत थांबायला लावू शकते. मधुमेह, रक्तदाब असेल तर तो काळ जितका लवकर सुरू होईल तितका बरा.

आता बंगला. पहिलं वर्षभर भाड्याने राहा. समा आणि कारेलीबाग दोन्ही विश्वामित्रीच्या बाजूचे. ऑगस्ट 2024 मध्ये नदी फुगली तेव्हा तळमजल्यांत पाणी होतं आणि मगरी रस्त्यावर. जुलै 2019 मध्ये तर एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला होता. दलाल तुम्हाला मार्बल दाखवेल. तुम्ही शेजारच्या घराची घंटी वाजवा आणि 2024 ला पाणी कुठवर आलं ते भिंतीवर बोट ठेवून दाखवायला सांगा. बडोद्याची माणसं अगदी खरं सांगतात, वर चहाही पाजतात. जुन्या शहरातलं वडिलोपार्जित घर विकायचं असेल तर अशांत धारा (गुजरातचा अशांत क्षेत्रांतल्या मालमत्ता-विक्रीचा कायदा) लागू आहे का ते आधी बघा, कारण तिथे दस्तावेजापूर्वी कलेक्टरची परवानगी लागते. आणि कुणी शेतजमिनीवरचं ‘वीकएंड होम’ गळ्यात मारायला आलं तर बायकोच्या नावावर घेऊ नका. ओसीआयवाल्यांना शेतजमीन किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. तुमचं नाव शेतकरी म्हणून सरकारी दफ्तरात नसेल तर तुम्हालाही अवघडच.

भाड्याचं घर शोधताना मटण खाता का, आडनाव काय, हे विचारलं जाईल. ह्यूस्टनहून आलेल्या माणसाला त्याचा फार अपमान वाटतो. वाटू दे. या गावाचा हा दोष जुना आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले आंबेडकर 1917 मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी इथे परतले, आणि एवढ्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी लोकांच्या धर्मशाळेतून बाहेर काढल्यावर ते कमाटीबागेत झाडाखाली बसले होते. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखतात. मुलीला आल्या आल्या लक्ष्मीविलास पॅलेस दाखवालच, तिथेही घेऊन जा.

प्रश्न : मी 76 वर्षांची, रावपुऱ्यात एकटी राहते. मुलगा-सून वीस वर्षांनी कॅनडाहून परत येताहेत, माझ्याच घरी राहणार. सगळे म्हणतात, नशीबवान आहात. मला आनंद आहेच, पण धाकधूकही आहे. सकाळी फिरणं, दुपारी भजनी मंडळ, रात्री साडेआठला खिचडी खाऊन झोप, असं माझं चालतं. मुलगा फोनवर म्हणाला, घर आताच माझ्या नावावर करून टाक, पुढे धावपळ नको. करू का? — एक आई

उत्तर : नको. आजी, हे मी तुमच्या मुलाला ओळखत नसताना सांगते आहे आणि तो सोन्यासारखा असेल असं धरून सांगते आहे. बक्षीसपत्र केलंत की घर त्या दिवशी त्याचं झालं. मृत्युपत्र करा. त्याला स्टँप ड्यूटी नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, आणि मनात येईल तेव्हा बदलता येतं. शक्यतो नोंदवून टाका आणि साक्षीला तुमच्यापेक्षा तरुण माणसं घ्या. बक्षीसपत्र करायचंच असेल तर ‘माझा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द त्यात असू द्या. अट मोडली तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याखाली ते रद्द करून घेता येतं. शब्दच नसतील तर भांडणं फार अवघड होतं. मुलाला धावपळ वाचवायची आहे ना? तर वेरा पावती (घरपट्टीची), लाइटबिल आणि प्रॉपर्टी कार्ड एका फाइलमध्ये लावून ठेवायला सांगा.

धाकधुकीचं म्हणाल तर ती तुम्हाला एकटीला नाही. सुनेलाही असेल, तिने ती तिच्या आईला सांगितली असेल इतकंच. ती येण्याआधी फोनवर सांगून टाका : साडेआठला मी जेवणार, तुमचं तुम्ही दहाला करा, ओटा पुसून ठेवा. वरचा मजला असेल तर वर दुसरी शेगडी बसवून घ्या. दोन शेगड्यांचं घर फुटलेलं घर असतं हे आपल्या सासवांनी सांगितलेलं, ते त्यांच्यापाशीच राहू दे. भजनी मंडळ एकही दिवस बुडवू नका. पहिल्या आठवड्यात पाहुण्यांसाठी बुडवलंत की ते कायमचं सुटेल.

प्रश्न : न्यू जर्सीहून सामान आणताना वॉशिंग मशीन, मिक्सर, ओव्हन कंटेनरमध्ये टाकावं का? — सौ. म. दे., सध्या एडिसन

उत्तर : तिकडे 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ, इकडे 230 आणि 50. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टचं जमेल, हर्ट्झचं नाही, आणि मोटर असलेल्या वस्तू त्यावर कुरकुरतात. वर सर्व्हिसला माणूस मिळणार नाही. वाटून टाका. त्याऐवजी हातातल्या बॅगेत कागद आणा : तिकडे जन्मलेल्या मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे गुणपत्रक, दोन्हीवर अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा तिकडच्या सरकारचा दाखला, करून. लसीकरणाच्या नोंदी, आणि सगळ्यांच्या दवाखान्याच्या फाइली. कंटेनरमध्ये टाकायचंच तर चांगल्या गाद्या टाका.