टीजेच्या प्रवेशासाठी सातवीतल्या मुलीला आत्तापासून क्लास लावावा का?

तुम्ही पुण्याहून अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या ॲशबर्नला येऊन चार महिने झालेत, मुलगी सातवीत आहे आणि भेटेल तो मराठी पालक 'टीजे'चं नाव घेतोय. ही मॅग्नेट शाळा म्हणजे नेमकं काय आणि तिच्यासाठी क्लास लावावा का, असं तुम्ही विचारलंय. माझी मुलगी २०२१ ते २०२५ अशी चार वर्षं तिथे शिकली. क्लास लावू नका, हे आधीच सांगून टाकतो.

टीजे म्हणजे थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी. फेअरफॅक्स काउंटीची (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) ही सरकारी शाळा, पालकांना फी नाही. फेअरफॅक्सशिवाय लाउडन, आर्लिंग्टन, प्रिन्स विल्यम आणि फॉल्स चर्च इथली मुलंही अर्ज करतात, म्हणजे लाउडनमधलं तुमचं ॲशबर्न त्यात आलं. इथे एरवी घराच्या पत्त्यावरून शाळा ठरते. मॅग्नेट शाळेत मात्र विशिष्ट अभ्यासक्रमासाठी मुलं लांबून, आपणहून येतात.

हा प्रकार सुरू कसा झाला, ते इथे नवीन आलेल्यांना सहसा कोणी सांगत नाही. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. तरी वस्त्या वेगळ्याच राहिल्या आणि पत्त्यावरून ठरणाऱ्या शाळाही. याच व्हर्जिनियात प्रिन्स एडवर्ड काउंटीने मुलं एकत्र बसू नयेत म्हणून १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या होत्या. पुढे साठच्या दशकाच्या अखेरीपासून काही शहरांनी वेगळी वाट काढली: एखाद्या शाळेत विज्ञान, संगीत, नाटक असं काही इतकं चांगलं शिकवायचं की सगळ्या वस्त्यांतले पालक स्वतःहून मुलं पाठवतील. लोहचुंबकासारखी ओढ, म्हणून 'मॅग्नेट'. टीजे खास याच कारणासाठी निघालं नाही. ते १९८५ साली विज्ञान-तंत्रज्ञानासाठी, इथल्या उद्योगांच्या मदतीने सुरू झालं. पण हा इतिहास माहीत असला की प्रवेशाचा वाद नीट कळतो.

पूर्वी इथे प्रवेश परीक्षा होती आणि १०० डॉलर अर्जाची फी. २०२० च्या अखेरीस दोन्ही बंद झालं. आता आठवीत अर्ज करायचा. किमान साडेतीन जीपीए (चारपैकी मोजलेली ग्रेडची सरासरी) हवा, अल्जिब्रा वन (बीजगणिताचा पहिला हायस्कूल-अभ्यासक्रम) तोवर झालेलं किंवा चालू हवं, ऑनर्सचे म्हणजे वरच्या पातळीचे विषय हवेत, शिवाय मुलांना स्वतःबद्दल आणि एका प्रश्नाच्या सोडवणुकीबद्दल लिहावं लागतं. तपासणाऱ्याला मुलाचं नाव किंवा वंश दिसत नाही. सुमारे ५५० जागांपैकी प्रत्येक सरकारी मिडल स्कूलसाठी (हायस्कूलच्या आधीची, आठवीपर्यंतची शाळा) तिथल्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का जागा राखलेल्या असतात. उरलेल्या सगळ्यांना खुल्या. या बदलानंतर पहिल्याच वर्षी आशियाई मुलांचं प्रवेशातलं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५४ वर आलं. पालक कोर्टात गेले, २०२३ साली अपील कोर्टात हरले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

गणेशोत्सवाच्या जेवणाच्या पंगतीतसुद्धा तुम्हाला 'आपल्या मुलांवर अन्याय झाला' हे ऐकू येईल. ज्यांच्या मुलांनी मान मोडून अभ्यास केला त्यांचं दुःख खरं आहे, मी ते जवळून पाहिलंय. पण मला हा बदल मनापासून पटतो, आणि त्याचं कारण माझ्या शाळेत आहे. मी अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातला, जवाहर नवोदय विद्यालयात शिकलेला. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं हरियाणातल्या झज्जरला आणि आमच्या अमरावतीला निघाली, टीजे ज्या वर्षी सुरू झालं त्याच सुमारास. नवोदयात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. ती अट नसती तर शहरातल्या, शिकवण्या लावलेल्या मुलांपुढे माझा निभाव लागला नसता. वडिलांना फॉर्मसुद्धा गुरुजींनी भरून दिला होता. पुढे त्याच शाळेत मी कोणापेक्षा मागे राहिलो नाही. त्यामुळे इथल्या एखाद्या कमी उत्पन्नाच्या वस्तीतल्या शाळेची काही मुलं दीड टक्क्यातून टीजेला पोचतात, तेव्हा मला माझे गुरुजी आठवतात.

आता क्लासबद्दल. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचे सहावीपासूनचे सगळे शनिवार क्लासमध्ये गेले. परीक्षा रद्द झाल्यावर त्याच क्लासने निबंधाची तयारी विकायला घेतली, आणि ती मुलं पाठ केलेलं स्वतःबद्दल लिहायला लागली. तेरा वर्षांच्या पोराने स्वतःविषयी दुसऱ्याचं वाक्य लिहावं, हे मला फार वाईट वाटलं.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. घरामागे एक ओढा आहे. सातवीत असताना मुलीने कुठेतरी वाचलं की बर्फ पडण्याआधी रस्त्यावर टाकलेलं मीठ शेवटी ओढ्यात जातं. तिने वाढदिवसाच्या पैशातून पाण्याची विद्युतवाहकता मोजायचं छोटं मीटर मागवलं. तो अख्खा हिवाळा आमच्या फ्रिजमध्ये विरजणाच्या भांड्याशेजारी तारखा लिहिलेल्या बाटल्या होत्या. बर्फ वितळल्यावर आकडा कित्येक पटींनी चढला, तेव्हा ती रात्री अकरा वाजता मला उठवायला आली. अर्जात तिने तेच लिहिलं. बारावीत समुद्रशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिने तोच प्रश्न नीट उपकरणं घेऊन पुन्हा धरला.

टीजेची खरी श्रीमंती तीच आहे. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला संशोधनाचा प्रकल्प करावाच लागतो आणि त्यासाठी रोबोटिक्सपासून मज्जाविज्ञानापर्यंत प्रयोगशाळा आहेत. नववीत जीवशास्त्र, इंग्रजी आणि तंत्रज्ञानाचे शिक्षक एकाच गटाला जोडीने शिकवतात. बुधवारी आणि शुक्रवारी 'एट्थ पिरियड' असतो, म्हणजे शाळेच्या वेळातच मुलं आपापले क्लब चालवतात. इथल्या मुलांनी बनवलेला छोटा उपग्रह नोव्हेंबर २०१३ मध्ये अवकाशात गेला.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. आम्ही फेअरफॅक्समधल्याच हर्नडनला, तरी हिवाळ्यात ती अंधारात बस पकडायची. तुमच्याकडून शाळा पंचवीस-तीस मैल आहे. वर गृहपाठ भरपूर, आणि मिडल स्कूलमध्ये कायम पहिली आलेली मुलगी तिथे अचानक मधली होते. आमची नववीत दोन महिने रडत होती.

म्हणून लीसबर्गची अकॅडमीज ऑफ लाउडनही जरूर बघा. तिथे विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या अकॅडमी आहेत, मुलं एक दिवसाआड तिथे जातात आणि बाकीचे दिवस आपल्या नेहमीच्या हायस्कूलमध्ये. मैत्रिणी सुटत नाहीत. आमच्या वेळी लाउडनमध्ये राहत असतो तर मी आधी त्याचाच विचार केला असता.

आणि टीजेची मुलं लहान मुलांसाठी 'टेकस्ट्राव्हॅगांझा' नावाची विज्ञानजत्रा भरवतात. यंदा मुलीला तिथे न्या. तुम्ही मागे थांबा, प्रश्न तिलाच विचारू द्या, आणि ती कोणत्या टेबलापाशी रेंगाळते तेवढं लक्षात ठेवा. जमलं तर एखाद्या दिवशी सकाळच्या गर्दीत तिला सोबत घेऊन घरापासून टीजेपर्यंतचं अंतर गाडीने कापून बघा.