कॅनडाचा पीआर अर्ज : कागद खरे आहेत, पण एकमेकांशी जुळतात का?

प्रश्न : माझा मुलगा ३२ वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअर. शिवाजी विद्यापीठाची पदवी. पहिली साडेतीन वर्षं एका छोट्या कंपनीत होता, ती आता बंद पडली. गेली पाच वर्षं चाकणच्या कारखान्यात प्रॉडक्शनला आहे. मधे कंपनीने त्याला आठ महिने जर्मनीला पाठवलं होतं. सून आणि तीन वर्षांची नात आहे. कॅनडात कायम राहण्याच्या परवानगीसाठी (पीआर) तिथल्या एक्स्प्रेस एन्ट्री या गुणांवर चालणाऱ्या ऑनलाइन पद्धतीत त्याने प्रोफाइल टाकली आहे. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा आणि ईसीए, म्हणजे पदवीची कॅनडासाठी पडताळणी, झालं आहे. पैसे कमी पडले तर प्लॉट विकून आलेले आठ लाख मी त्याच्या खात्यात टाकणार आहे. कंपनीचं अनुभवपत्र दोन ओळींचं आहे. पूर्वी त्याचा अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला होता, ते लिहू नका असं एजंट म्हणतो. काय करावं? – एक वडील, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली गोष्ट ही की मुलाला अजून कॅनडा सरकारचं अर्ज करण्याचं आमंत्रण आलेलं नाही. आमंत्रण आलं की पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात, आणि तुमच्या घरचे काही कागद तेवढ्या दिवसांत जमणारे नाहीत. कागद अपुरे असतील तर अर्ज तपासायलाच घेतला जात नाही, परत येतो. फी परत मिळते, पण आमंत्रण हातचं जातं. म्हणून तयारी आत्ता.

आधी एजंटच्या सल्ल्याबद्दल. अर्जात स्पष्ट विचारलेलं असतं की कॅनडाने किंवा इतर कोणत्याही देशाने तुम्हाला कधी व्हिसा नाकारला आहे का. उत्तर ‘हो’ द्यायचं आणि खाली वर्ष, व्हिसाचा प्रकार, सांगितलेलं कारण दोन वाक्यांत लिहायचं. अमेरिकेने नाकारलं म्हणून कॅनडा नाकारत नाही. मात्र लपवलं आणि सापडलं, तर ती खोटी माहिती ठरते आणि कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षांची बंदी येते. दोन्ही देशांत बोटांच्या ठशांवरून माहितीची देवाणघेवाण होते, त्यामुळे सापडण्याची शक्यता भरपूर. ‘एजंटने भरलं, मला माहीत नव्हतं’ हा बचाव चालत नाही, सही मुलाची असते. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जात प्रतिनिधित्व करायचा अधिकार तिथल्या परवानाधारक सल्लागारालाच किंवा वकिलालाच असतो. तुमच्या एजंटकडे परवाना क्रमांक मागा. तो कॅनडाच्या सल्लागार कॉलेजच्या, म्हणजे सल्लागारांच्या नियामक संस्थेच्या, सार्वजनिक यादीत कोणालाही तपासता येतो. द्यायला टाळाटाळ झाली, तर काय समजायचं ते तुम्हाला सांगायला नको.

आता अनुभवपत्र. माझ्या मते तुमच्या केसमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा. आपल्याकडचं पत्र ठरलेलं असतं : ‘यांनी अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केले, वर्तणूक चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ कॅनडाच्या अधिकाऱ्याला यातून काहीच कळत नाही. त्याला कंपनीच्या लेटरहेडवर पत्ता, फोन, ईमेल, पद (बढती झाली असेल तर प्रत्येक पद तारखांसह), नोकरी चालू आहे की संपली, आठवड्याचे तास, वार्षिक पगार व भत्ते, प्रत्यक्ष कामाचं वर्णन आणि एचआरची किंवा थेट वरिष्ठाची नाव-हुद्द्यासह सही लागते. आठवड्याचे तास सर्रास राहून जातात आणि तेवढ्यावर गाडी अडते. कारण एक वर्षाचा अनुभव म्हणजे किमान १,५६० तास, आठवड्याला ३० तासांप्रमाणे, आणि ते पत्रावरूनच मोजायचे असतात.

कामाचं वर्णन एनओसीच्या, म्हणजे कॅनडाच्या सरकारी व्यवसाय-वर्गीकरणाच्या, कोडशी जुळावं लागतं. तिथे हुद्द्याला फारशी किंमत नसते. तुमच्या मुलाचं पद ‘सीनियर इंजिनिअर, प्रॉडक्शन’ असं काही असेल. पण तो लाइन बॅलन्सिंग, प्रक्रिया-सुधारणा, यंत्रांची मांडणी, उत्पादन-खर्चाचा अभ्यास करत असेल तर २१३२१, म्हणजे इंडस्ट्रियल अँड मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअर्स. यंत्रभागांचं डिझाइन आणि देखभालीचं अभियांत्रिकी करत असेल तर २१३०१, मेकॅनिकल इंजिनिअर्स. इंजिनिअरच्या हाताखाली वेळेचा अभ्यास आणि नोंदी ठेवत असेल, तर प्रामाणिक कोड २२३०२, म्हणजे तंत्रज्ञांचा, निघेल, पदावर ‘इंजिनिअर’ लिहिलेलं असलं तरी. कार्डावर ‘मॅनेजर’ छापलंय म्हणून ९००१०, म्हणजे उत्पादन व्यवस्थापकांचा कोड, निवडणं ही नेहमीची चूक. कोडच्या सुरुवातीचं सर्वसाधारण वर्णन आणि मुख्य कामांपैकी बरीचशी कामं पत्रात दिसली पाहिजेत. पण सरकारी संकेतस्थळावरचे मुद्दे जसेच्या तसे चिकटवू नका. असली पत्रं अधिकारी रोज बघतात. मुलाने आपल्या रोजच्या कामाचे आठ-दहा मुद्दे स्वतःच्या शब्दांत लिहावेत, कारखान्यातली यंत्रं, भाग, टीमची संख्या यांसह, आणि तो मसुदा एचआरला द्यावा. पगाराचा आकडा फॉर्म १६ शी ताडून पाहा. पत्रात सीटीसी (कंपनीला पडणारा एकूण खर्च) आणि फॉर्म १६ मध्ये त्याहून बरीच कमी रक्कम, असं दिसलं की शंका येते. म्हणून पत्रात ग्रॉस पगार आणि भत्ते वेगळे लिहून घ्यावेत.

‘आमच्याकडे असा फॉरमॅट नसतो’ असं एचआर म्हणेल, कित्येक कंपन्या म्हणतात. मग कंपनीचं साधं पत्र तसंच घ्या आणि त्याला थेट वरिष्ठाचं कामाच्या वर्णनाचं प्रतिज्ञापत्र जोडा, वरिष्ठाच्या ओळखपत्रासह आणि तोही तिथेच होता याच्या पुराव्यासह. तपशीलवार पत्र का मिळालं नाही हे स्पष्टीकरण-पत्रात लिहा. एचआरने नकार दिल्याचा ईमेल असेल तर तोही लावा.

बंद पडलेल्या कंपनीचं काय? तिथे नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, निवडक पगारचिठ्ठ्या, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, फॉर्म १६, २६एएस (आयकराचं वार्षिक विवरण) आणि ईपीएफओच्या पोर्टलवरचं पासबुक यांच्यावर भिस्त, शिवाय त्या वेळच्या वरिष्ठाचं वर वर्णन केलेलं प्रतिज्ञापत्र. पण एवढं करण्याआधी एक हिशेब करा. सीआरएसच्या, म्हणजे ज्यावरून आमंत्रण मिळतं त्या क्रमवारीच्या, गुणांत कॅनडाबाहेरच्या अनुभवाचे गुण तीन वर्षांना पूर्ण होतात, त्यापुढच्या वर्षांना काही मिळत नाही. म्हणजे चाकणची पाच वर्षं एकटीच पुरतात. वेगळा हिशेब लागतो तो पात्रतेच्या १०० पैकी ६७ गुणांचा. तिथे चार-पाच वर्षांना १३ आणि सहा किंवा जास्त वर्षांना १५ गुण आहेत. दोन गुण सोडून ६७ गाठता येत असतील, तर त्या नोकरीचे गुण मागूच नयेत. अर्थात व्यक्तिगत इतिहासात ती नोकरी लिहावीच लागते. गुण न मागणं वेगळं आणि नोकरी गाळणं वेगळं.

या व्यक्तिगत इतिहासाकडे लोक फारसं लक्ष देत नाहीत. गेल्या दहा वर्षांचा (वय १८ नंतरचा) महिनान्‌महिना भरायचा असतो. नोकरी, शिक्षण, बेकारी, परीक्षेची तयारी, सगळं. दोन नोकऱ्यांमध्ये तीन महिने घरी होता तर ‘बेरोजगार’ लिहायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पत्त्यांची यादीही तशीच सलग. आता त्याची जर्मनीवारी घ्या. ती प्रवासाच्या यादीत, पत्त्यांच्या यादीत आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांत, अशा तीन ठिकाणी एकाच तारखांनी दिसली पाहिजे. प्रत्येक कागद आपापल्या जागी खरा असतो, तरी तारखा जुळत नाहीत म्हणून प्रश्न विचारले जातात. सगळ्या तारखांची एकच एक्सेल शीट करा आणि प्रत्येक फॉर्म तिच्यावरूनच भरा. आठवणीवर काही सोडू नका.

जर्मनीत सलग सहा महिन्यांहून जास्त राहिल्यामुळे तिथलं गुन्ह्यांच्या नोंदीबद्दलचं पोलिस प्रमाणपत्र, फ्युरुंग्सत्सॉयग्निस, लागेल. ते बॉनच्या फेडरल न्याय कार्यालयाकडून भारतात बसूनही मागवता येतं. तिथून परतल्यानंतरच्या तारखेचं असलं की चालतं, म्हणून आजच मागवायला हरकत नाही. सून बरोबर गेली असेल तर तिचंही. भारतातलं प्रमाणपत्र मात्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतलं हवं, ते फार लवकर काढू नका. आणि ते पासपोर्ट कार्यालयाचं पीसीसी (पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट) हवं. नोकरीसाठी पोलिस आयुक्तालय देतं ते चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र इथे चालत नाही. पासपोर्टवर साताऱ्याचा पत्ता आणि राहणं चाकणला, असं असेल तर पडताळणीत दिवस जातात. तेवढे धरून चला.

पैशांबद्दल. जुलै २०२५ पासून तिघांच्या कुटुंबाला २३,३६० कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, साधारण १५ लाख रुपयांच्या आसपास. आकडा दरवर्षी बदलतो, अर्जाच्या दिवशीचा बघा. सून आणि नात सुरुवातीला बरोबर जाणार नसल्या तरी कुटुंब तिघांचंच धरतात. कधी कधी ‘एकट्याचा अर्ज स्वस्त पडतो’ म्हणून बायको-मुलांची नावंच लिहीत नाहीत. असं केलं तर पुढे त्यांना स्पॉन्सर करण्याचा मार्ग बंद होऊ शकतो. बँकेकडून नुसतं स्टेटमेंट पुरत नाही. लेटरहेडवर पत्र हवं : खाते क्रमांक, खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि असलेली कर्जं, क्रेडिट कार्डासह. शाखा व्यवस्थापकांना हा मजकूर लेखी नेऊन द्या, नाहीतर दोन ओळींचं ‘बॅलन्स सर्टिफिकेट’ मिळेल.

तुमचे आठ लाख देताना पैसे बँकेतूनच पाठवा. सोबत ‘ही भेट आहे, परतफेड अपेक्षित नाही’ असं नोटरी केलेलं पत्र, प्लॉटचं नोंदणीकृत खरेदीखत आणि तुमच्या खात्यात विक्रीची रक्कम जमा झाल्याचं स्टेटमेंट ठेवा. आठ लाख आज टाकले तर सहा महिन्यांच्या सरासरीत ते दिसायला लागतील. अर्जाच्या आदल्या आठवड्यात टाकले तर उसने आणून दाखवल्यासारखे दिसतील, आणि उसने पैसे मुळात चालतच नाहीत. घराची किंमत यात धरत नाहीत. पीएफ-पीपीएफमध्ये अडकलेल्या रकमेवरही विसंबू नका.

नावांचा घोळ हा खास आपल्या महाराष्ट्राचा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, सुनेची पदवी माहेरच्या नावाची. फॉर्ममध्ये पासपोर्टप्रमाणे नाव लिहायचं आणि ‘इतर नावे’ या रकान्यात माहेरचं नाव घालायचं. लग्नात पहिलं नाव बदललं असेल तर तेही. सोबत विवाह प्रमाणपत्र, आणि स्पेलिंगमध्ये फरक असेल तर ‘एकच व्यक्ती’ असल्याचं प्रतिज्ञापत्र. राजपत्रात नावबदल छापलेला असेल तर ते पान जोडा. नातीचा जन्मदाखला मराठीत असेल तर इंग्रजी अनुवाद लागतो. नात्यातल्या कुणी केलेला अनुवाद चालत नाही, इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या काकांनी केलेला असला तरी. अनुवादकाचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदाची प्रत सोबत हवी. जर्मन कागदालाही हेच लागू.

मुदती बघून ठेवा. आयईएलटीएस जनरल ट्रेनिंगचाच हवा, निकालापासून दोन वर्षं चालतो. ईसीए पाच वर्षं. अर्ज सादर करण्याच्या दिवशी हे दोन्ही जिवंत असले पाहिजेत, प्रोफाइलच्या दिवशी होते एवढ्याने भागत नाही. २१ ऑगस्ट २०२५ पासून वैद्यकीय तपासणीही अर्जाच्या आधीच करावी लागते, कॅनडाने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरकडेच, तिघांची. डॉक्टरकडून मिळणारा ई-मेडिकलचा कागद अपलोड करायचा असतो.

अपलोडच्या प्रत्येक जागी एकच फाइल जाते, चार एमबीपर्यंत. त्यामुळे एका नोकरीचं पत्र, पगारचिठ्ठ्या, फॉर्म १६ सगळं एका पीडीएफमध्ये बसवावं लागतं. अक्षर वाचता येईल इतपतच आकार कमी करा. मोबाइलवर तिरके काढलेले फोटो नकोत.

खातं मुलाच्या स्वतःच्या ईमेलवर असू द्या, एजंटच्या नाही. एजंटच्या ईमेलवर आलेलं पत्र मुलाला उशिरा कळलं तर मुदत निघून जाते. बायोमेट्रिक्सच्या (बोटांचे ठसे आणि फोटो) सूचनेनंतर तर ३० दिवसच असतात. सबमिट करण्याआधी भरलेल्या फॉर्मची पीडीएफ उतरवून घ्या आणि मुलाने व सुनेने वेगवेगळं बसून ती त्या एक्सेल शीटशी ताडून पाहावी. अर्ज गेल्यावर नोकरी बदलली, पत्ता बदलला, घरात पाळणा हलला, तर ते लगेच वेबफॉर्मने कळवावं.