तो सहकार्य करत नाही असं नाही, पद्धत बदलून मागा

ताई, तुमचा २२ वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक आहे, चिंतेने कॉलेज सुटलंय आणि समुपदेशक म्हणतात, "तो बोलतच नाही, थेरपीचा उपयोग नाही." इतक्यात हार मानू नका.

"या आठवड्यात कसं वाटलं?" यावर तो "ठीक" म्हणून गप्प बसतो, असं तुम्ही लिहिलंय. साधारण निम्म्या ऑटिस्टिक व्यक्तींना स्वतःच्या भावना ओळखून त्यांना नाव देणं जड जातं, आणि नेहमीची थेरपी सुरूच तिथून होते. त्याऐवजी "मंगळवारी घरातून निघताना छातीत धडधडलं का? पोट दुखलं का?" असं विचारायला सांगा. पर्याय कागदावर लिहून दिले की खूण करता येते, बोलावंही लागत नाही.

माझ्या मुलीला लोकलचं वेड. तिच्या थेरपिस्टने चिंतेच्या पायऱ्या हार्बर लाइनवर बसवल्या: पनवेल म्हणजे शांत, सीएसएमटी म्हणजे सहनच होत नाही. "आज वाशी" म्हणाली की आम्ही घरातले आवाज कमी करतो. "कुर्ला" म्हणाली की कुणी तिच्याशी बोलायचं नाही, हे तिनेच ठरवलंय. आवडीचा विषय असा वापरा, हे ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेच्या, ऑटिस्टिक प्रौढांसाठीच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. सोबत लेखी आणि चित्रांतली माहिती, मधे ब्रेक, आडवळणाचं बोलणं टाळणं, आणि विचार बदलण्यापेक्षा वागण्यातल्या बदलावर जास्त भर. समुपदेशकांना हे दाखवा. शिकायची तयारी असेल तर त्या ऐकतील. नसेल तर दुसऱ्या शोधा.

एका बाबतीत मात्र ठाम राहा. कॅन्टीनच्या गोंगाटाने त्याला खरंच त्रास होत असेल, तर तो 'चुकीचा विचार' नाही. रोज थोडं थोडं बसवून सवय लावू, असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. इअरप्लग, गर्दी नसलेली वेळ, वेगळी जागा, आधी हे. लोक हसतील या भीतीवर काम करणं वेगळं, आणि तेही आधी खरंच कुणी छळत नाही ना, हे विचारून मग.

तुम्ही सेशनला बसायचं की नाही, हे त्यालाच ठरवू द्या, तो सज्ञान आहे. जिवाचं बरंवाईट करण्याचं काही बोलला, लिहिलं, तर थांबू नका: टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास.

नवीन ठिकाणी जाण्याआधी खोलीचा फोटो, किती वेळ बसायचं आणि पहिल्यांदा काय विचारणार, एवढं मागवून त्याला आदल्या दिवशी द्या.