एडिथ नेस्बिट यांना आधुनिक इंग्रजी बालसाहित्याच्या प्रवर्तक का मानले जाते?

एडिथ नेस्बिट (१८५८–१९२४) यांना हा मान मिळतो, कारण त्यांनी जादू परीराज्यातून काढून भांडखोर, चुका करणाऱ्या, साध्या भावंडांच्या रोजच्या जगात आणली आणि गोष्ट उपदेशकाच्या नव्हे, तर मुलांच्याच बाजूने सांगितली. त्यांची पुस्तके वाचताना हे चटकन ध्यानात येते. ‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’ (१९०२) मध्ये वाळूतला एक चिडखोर प्राणी इच्छा पुरवतो. मुले श्रीमंती मागतात, तेव्हा खड्डाभर सोन्याची जुनी नाणी मिळतात, पण बहुतेक दुकानदार ती घेत नाहीत, मुलांची वरात थेट पोलीस ठाण्यात पोहोचते आणि सूर्यास्ताबरोबर नाणीही नाहीशी होतात. जादूलाही व्यवहाराचे नियम लागू असतात, ही कल्पना पुढच्या लेखकांनी भरभरून वापरली; नार्निया कथांचे लेखक सी. एस. लुईस यांनी तर ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’च्या आरंभीच नेस्बिट यांच्या बॅस्टेबल भावंडांचा उल्लेख केला आहे. माझ्या मते मात्र नेस्बिट यांचे खरे कसब ‘द स्टोरी ऑफ द ट्रेझर सीकर्स’ (१८९९) मध्ये दिसते, जिथे निवेदक कोण हे लपवू पाहणारा ऑस्वल्ड बॅस्टेबल स्वतःचीच स्तुती करत राहतो आणि सहज पकडला जातो. तरीही ‘प्रवर्तक’ हा शब्द जपून वापरावा, कारण घरगुती वातावरणातील अद्भुत कथा त्यांच्याआधी इंग्रज लेखिका मिसेस मोल्सवर्थ यांनी ‘द ककू क्लॉक’ (१८७७) मध्ये लिहिली होती.