सांगलीहून कासला घरच्यांना घेऊन निघताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पुढच्या शनिवारी आजी, आई-बाबा आणि लहान भाचीला घेऊन तू पहिल्यांदाच स्वतः गाडी चालवत सांगलीहून कास, ठोसेघर आणि वाई करणार आहेस. तू पाठवलेला बेत चांगला आहे. त्यात फक्त रस्ता अडला तर काय करायचं, तेवढं लिहिलेलं नाही. सप्टेंबरात आपल्याकडे रस्ता कुठे ना कुठे अडतोच: गणपतीची मिरवणूक, घाटात आलेली दरड, फरशी पुलावरचं पाणी. म्हणून एक वेळ आधीच ठरवून घरात सगळ्यांना सांगून ठेव. संध्याकाळी साडेपाचला गाडी मुक्कामाच्या दिशेने लागलेली असली पाहिजे, बघायचं काही राहिलं असलं तरी. सप्टेंबरअखेर साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि घाटात धुकं त्याआधीच उतरू शकतं. उजेडी घेतलेला वळसा पोरं आनंदाने सांगत बसतात. तोच अंधारात, टाकी तळाला गेलेली आणि सगळे उपाशी असताना घ्यावा लागला, तर आजी पुन्हा कधी गाडीत बसायची नाही.

निघायच्या आदल्या दिवशी टायर थंड असताना हवा भर. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. माणसं आणि सामान भरपूर असेल तर त्यातला पूर्ण भाराचा आकडा धर. टायर तापल्यावर दाब वाढलेला दिसतो, तेव्हा हवा काढायची नाही. स्टेपनीची हवा मात्र बहुतेक जण तपासतच नाहीत, आणि गरज पडते तेव्हा तीही बसलेली निघते. डिकीत जॅक, पाना, विजेरी आणि फूटभर लांबीची जाड फळी ठेव. पावसाने मऊ झालेल्या साइडपट्टीवर जॅक खचतो. खाली फळी असली की टिकतो.

महामार्गापर्यंत आष्ट्यावरून पेठ नाका हा नेहमीचाच रस्ता. पुढे शेंद्रे ते कागल या पट्ट्यात सहापदरीकरणाचं काम जिथे चालू असेल, तिथे गाड्या सेवारस्त्यावर वळवलेल्या असतात. अशा वळणावर पुढच्या ट्रकच्या मागोमाग डोळे झाकून जाऊ नकोस, तो एखाद्या कारखान्यात किंवा खडी क्रशरवर निघालेला असू शकतो. कऱ्हाडच्या पुढे फारच कोंडी झाली, तर उंब्रजला पूर्वेला वळून मसूर, रहिमतपूरवरून साताऱ्याला येता येतं. वेळ जास्त लागतो, पण गाडी चालती राहते. आणि त्या बाजूला गेलाच आहेस आणि हाताशी तीन तास आहेत, तर औंधला जा. तिथलं श्री भवानी चित्रसंग्रहालय औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलं. राजा रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं माता-बालक शिल्प तिथे आहे. आपल्या भागात आडवाटेला एवढं मोलाचं दुसरं काही मला सांगता येणार नाही.

आता वळशाची खरी रीत. मोबाइल जवळचा रस्ता दाखवतो. तो किती रुंद आहे, पूल शाबूत आहे का, हे त्याला कळेलच असं नाही. त्यातून कास-बामणोलीकडे आणि कोयनेच्या खोऱ्यात रेंज जाते, म्हणून सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांचा नकाशा घरीच मोबाइलवर उतरवून घे. अनोळखी रस्त्याला लागण्याआधी गावातल्या माणसाला विचार. ‘रस्ता चांगला आहे का’ म्हणून विचारलंस तर ‘चांगलाय की’ हेच उत्तर येणार, कारण तो दुचाकीवर जातो. ‘सकाळची एस.टी. या रस्त्याने गेली का?’ असं विचार. एस.टी. गेली असेल तर तुझी गाडीही जाईल. ‘चार दिवस झाले, एस.टी. येत नाही’ असं कानावर आलं, तर तिथूनच माघारी फिर. वळलास की ट्रिप मीटर शून्यावर आण. दहा किलोमीटरमध्ये सांगितलेलं गाव किंवा फाटा आला नाही, तर मागे ये. म्हणून जातानाच जिथे गाडी वळवता येईल अशी रुंद जागा दिसली, तिथला ट्रिप मीटरचा आकडा शेजारी बसणाऱ्याला लिहून ठेवायला सांग. अरुंद रस्त्यावर मागे ओढ्यापर्यंत रिव्हर्स घेत जाणं नवशिक्याला जमत नाही.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते कितीही उथळ दिसो, गाडी घालायची नाही. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी गाडी तरंगू लागते आणि खालचा भराव वाहून गेला असेल तर वरून कळत नाही. परतीचाही विचार निघतानाच कर. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी असेल, तर तू कासला असताना इकडे घरचा रस्ता बंद होऊ शकतो. अशा वेळी बेत आठवडाभर पुढे ढकल.

कासचं बुकिंग ऑनलाइन करून ठेव आणि साताऱ्याहून सकाळी सातच्या आत नीघ. टाकी साताऱ्यातच भर, पुढे पंपाच्या भरवशावर राहू नकोस. यवतेश्वरच्या चढावर सुटीच्या दिवशी रांग लागते. रांग थांबली की क्लच अर्धा दाबून गाडी धरून ठेवू नकोस, त्याने क्लच प्लेट जळते. हँडब्रेक ओढ, न्यूट्रल कर, पुढची गाडी दोन-तीन गाड्यांइतकी सरकली की मगच हल. तापमानाचा काटा वर चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू कर आणि जागा मिळताच थांब. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. वाफेने हात-तोंड भाजतं. निदान अर्धा तास जाऊ दे.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, बहुधा दुसऱ्या. वाईजवळ पसरणी घाटात उताराला सतत ब्रेकवर पाय ठेवणाऱ्यांच्या गाडीला जळका वास येतो. ब्रेक तापले की पेडल दाबूनही गाडी थांबेनाशी होते. न्यूट्रलमध्ये तर कधीच उतरू नकोस. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची. धुक्यात लो बीम लाव, हाय बीमने समोर पांढरी भिंतच दिसते. चालत्या गाडीला चारी इंडिकेटर लावू नकोस, तू कुठे वळणार ते मागच्याला कळत नाही.

पंक्चर झालं तर आधी सगळ्यांना उतरवून कठड्याच्या आत उभं कर, चाकामागे दगड लाव. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल कर, मग जॅक चढव. बसवताना नट समोरासमोरचे आवळत जा आणि ५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून बघ. स्टेपनी मूळ चाकापेक्षा लहान असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळ, बहुधा ताशी ८० किलोमीटर असते. महामार्गावर मदतीला १०३३, इतरत्र ११२ आणि रुग्णवाहिकेला १०८.

आजीसाठी दर दीड तासाला थांबा घे, तिने मागितला नाही तरी. ती संकोचाने पाणी पीत नाही आणि मग दुपारी डोकं धरतं. सज्जनगडावर गाडी बरीच वर जाते, तरी पुढे पायऱ्या चढाव्याच लागतात. तिचे गुडघे त्या दिवशी कसे आहेत ते पाहून ठरव. भाचीला मागे मधे बसव, पण तिथे तीन टोकांचा पट्टा असेल तरच. गाडीत बांधायची लहान मुलांची खुर्ची असेल तर तिच्यात. समोरचा रस्ता दिसला की मळमळ कमी होते, मोबाइल बघत बसली की वाढते. घाटाआधी तिला दूध देऊ नका. कोरडी दशमी, केळं आणि तोंडात चघळायला आलेपाक पुरे. उलटीची गोळी द्यायचीच असेल तर वयाप्रमाणे मात्रा डॉक्टरांना विचारून, घाट सुरू होण्याच्या निदान अर्धा तास आधी.

आणि बाबांना गाडीत बसायच्या आधीच सांग, की माघारी फिरायचं की नाही हे चालवणारा ठरवेल. घाटातल्या वळणावर तो वाद नको. मुक्कामाला पोहोचलास की फोन कर.

आशीर्वादासह.