फॅमिट्रॅकरमध्ये (फॅमिकॉम या गेम मशीनच्या चिपसाठी संगीत रचायचं सॉफ्टवेअर) माझी सगळी वाद्यं एकसारखीच ‘टूं’ वाजतात. वेगवेगळी कशी करायची?

तुम्ही म्हणता, ड्यूटी (लहरीचा किती भाग वर राहतो ते प्रमाण) बदलून पाहिली, व्हॉल्यूम हळूहळू उतरवून पाहिला, तरी पियानो काय नि बासरी काय, सगळं सारखंच. याचं कारण तुम्ही अख्ख्या सुराचा रंग बदलताय. या चिपवर वाद्य ओळखू येतं ते सुराच्या पहिल्या चार-सहा फ्रेममध्ये (एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग). मेहनत तिथे करायची.

रंग मुळात आहेत तरी किती? १९८३ च्या फॅमिकॉममध्ये दोन पल्स (चौकोनी लहर), एक ट्रँगल (त्रिकोणी लहर), एक नॉइज (खरखर) आणि सँपलसाठी, म्हणजे ध्वनिमुद्रित आवाजासाठी, एक, असे पाच चॅनल. पल्सच्या ड्यूटी चार, क्रमांक ० ते ३: १२.५, २५, ५० आणि ७५ टक्के. त्यातली ७५ कानाला २५ सारखीच लागते, म्हणजे हाती उरल्या तीन. पण मॅक्रो (फ्रेमगणिक एकेक लागू होणाऱ्या आकड्यांची यादी) सेकंदाला ६० पावलं टाकतो (पाल टीव्ही पद्धतीच्या मशीनवर ५०), आणि खरी श्रीमंती तीच.

छेडलेली तार हवी असेल तर ड्यूटी मॅक्रोत २ २ १ लिहा: आघात भरदार, मागची आस बारीक. व्हॉल्यूम १५ १२ १० ८ ७ ६ ५ ५ ४ ४ ३ ३ २ २ १ १ ०. उतार सुरुवातीला तीव्र, मग मंद. एकसारखा उतार दिला की खेळण्यातला पियानो ऐकू येतो. शेवटचं शून्य हवंच, कारण मॅक्रो संपला की शेवटचा आकडा तसाच धरून ठेवला जातो. फुंकवाद्याला उलट करा: ५ ८ १० ११ आणि तिथेच थांबा, ड्यूटी पहिल्यापासून २.

लांब सुराला कंप द्यायचा तर पिच मॅक्रोत आधी वीसेक शून्यं टाका आणि त्यानंतर लूपमध्ये १ १ -१ -१ -१ -१ १ १. इथे प्रत्येक आकडा आधीच्या पिचमध्ये मिळवला जातो, म्हणून लूपची बेरीज शून्यच यायला हवी. नाहीतर सूर घसरत घसरत भलतीकडेच पोहोचतो. शिवाय हे आकडे लहरीच्या कालावधीत मिळवले जातात, स्वरात नव्हे. त्यामुळे खालच्या सप्तकात जेमतेम जाणवणारा कंप वरच्या सप्तकात झिंगल्यासारखा वाटतो. मी वरच्या सुरांसाठी वेगळं, सौम्य इन्स्ट्रुमेंट ठेवतो.

ट्रँगलला व्हॉल्यूमच नाही. एक तर वाजतो, नाहीतर गप्प. म्हणूनच तो ढोलाला उत्तम! बेसच्या इन्स्ट्रुमेंटला अर्पेजिओ मॅक्रो (मूळ सुरापासून किती अर्धस्वर वर ते सांगणारा) २४ १२ ५ ० द्या. सूर दोन सप्तकं वरून धाडकन खाली येतो आणि किकवर (ढोलाच्या ठोक्यावर) बेस स्वार होऊन जातो. दोन्ही एकाच चॅनलवर. स्नेअरला (ताशासारखा कडक वाजणारा ड्रम) नॉइजवर झपाट्याने उतरणारा व्हॉल्यूम आणि त्याच क्षणी ट्रँगलवर तीन-चार फ्रेमची छोटी घसरण. नुसत्या नॉइजचा स्नेअर ‘फिस्स’ होतो, त्याला अंग येत नाही. नॉइजची ड्यूटी १ केली की धातूसारखी, काहीशी सुरेल खरखर मिळते. ती झांजेला बरी, पण रोज वापरू नये.

कॉर्डसाठी अर्पेजिओ मॅक्रोच्या लूपमध्ये ० ४ ७, कोमल गंधार हवा तर ० ३ ७. हे चक्र सेकंदाला वीसदा फिरतं आणि मागे कुठेतरी वाजताना छान घुमतं, पण मुख्य चालीत दोन मिनिटांत डोकं उठवतं. प्रत्येक आकडा दोनदा लिहिलात तर वेग निम्मा होतो.

आणि हे इन्स्ट्रुमेंट फर्नेसमध्ये (असंच दुसरं सॉफ्टवेअर) नेणार असाल तर पिच मॅक्रो तपासा. तिथे आकडे आपोआप साठत जात नाहीत, त्यामुळे वर दिलेला कंप तसाच उतरवला तर नुसती थरथर ऐकू येईल. तिथे कंपाचा आकार १ २ १ ० -१ -२ -१ ० असा ठेवा.